'दृश्यम'च्या आधीचे निशिकांत कामत

नमस्कार मंडळी! मागचा गोंगाट ठाणे स्टेशनचा आहे आणि तो मी मुद्दामच ठेवलाय. आज ज्यांच्याबद्दल बोलायचंय, त्यांच्या पहिल्या सिनेमाचं नाव इथे इंडिकेटरवर रोज झळकतं. 'डोंबिवली फास्ट'.

निशिकांत कामत १७ ऑगस्ट २०२० ला हैदराबादमध्ये गेले. वय अवघं ५०, यकृताचा आजार. बातम्यांत जिकडेतिकडे एकच ओळख: 'दृश्यम'चे दिग्दर्शक. सिनेमा झकासच, पण गोष्ट मूळ मल्याळम, जीतू जोसेफ यांची. कामत कळायचे असतील, तर २००५ मध्ये, 'डोंबिवली फास्ट'कडे जावं लागतं.

त्याचा नायक माधव आपटे, बँकेतला नोकरदार. संदीप कुलकर्णींनी काय केलाय तो! सुरुवात नीट बघा. उठणं, आवरणं, लोकल, बँक, परत लोकल. पुन्हा तेच. पुन्हा तेच. कट इतके भराभर की बसल्या जागी आपल्यालाच दम लागतो. म्हणजे माधवचं डोकं फिरायच्या आधी आपलं फिरलेलं असतं! मग थंड पेयाच्या बाटलीवर छापील किमतीपेक्षा जास्त पैसे मागणारा दुकानदार येतो आणि पुढे आपटेच्या हातात बॅट.

इथे टाळी वाजवावीशी वाटते. कामत ती वाजवू देतात, आणि मग हळूहळू त्याच माणसाची धास्ती वाटायला लावतात. माझ्या मते हीच त्यांची खासियत. चिडलेल्या सामान्य माणसाला ते समजून घेतात, पण त्याला देव्हाऱ्यात बसवत नाहीत. सिनेमाला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तमिळ रिमेकही त्यांनीच केला, माधवनला घेऊन.

आता 'मुंबई मेरी जान', २००८. विषय ११ जुलै २००६ चे लोकलमधले बॉम्बस्फोट. त्यात इरफान खान रात्री सायकलवर कॉफी विकतो. संवाद जवळजवळ नाहीतच. मॉलमध्ये बायको-मुलीसमोर त्याचा अपमान होतो, तर हा पठ्ठ्या बॉम्बच्या खोट्या धमक्यांचे फोन करायला लागतो. मॉल रिकामा होताना बघून त्याला मजा येते. आणि खरं सांगू? आपल्यालाही येते. मग त्या पळापळीत एका म्हाताऱ्याला हार्ट अटॅक येतो.

कामतांचाच 'लय भारी' चालला जोरात, पण तो मला कामतांपेक्षा त्यातल्या हिरोचा, रितेश देशमुखचा जास्त वाटतो. पटत नसेल तर कमेंटमध्ये भांडा, मी आहेच. 'दृश्यम' पुन्हा लावायच्या आधी मात्र एकदा 'डोंबिवली फास्ट' बघा. 'दृश्यम'चा नायक विजय साळगावकर जरा वेगळा दिसेल.