बॅकयार्डमधला स्विमिंग पूल बुजवायचाय? आधी पाणी कुठे जाणार ते बघा

नमस्कार मंडळी! आजचा व्हिडिओ मुख्यतः आपल्या डॅलसकडच्या लोकांसाठी आहे, म्हणजे प्लेनो, फ्रिस्को, मॅकिनी, रिचर्डसन वगैरे. बाकीच्यांनीही बघा, पण माती बदलली आणि सिटी बदलली की यातलं अर्धं गणित बदलतं, एवढं लक्षात असू द्या.

तर विषय, घरासोबत आलेला पूल. घर घेताना तो सगळ्यांना आवडतो, पहिल्या उन्हाळ्यात आई-बाबा आलेले असतात, फोटो निघतात, नागपूर-पुण्याचे फॅमिली ग्रुप खुश. मग मुलं मोठी होतात आणि दर शनिवारी सकाळी जाळी घेऊन पानं कोण काढतं, तर आपणच. त्यात 2020 च्या ऑगस्टमध्ये लॉरा वादळात लुइझियानातला क्लोरीनचा मोठा कारखाना जळाला आणि पुढचा सगळा सीझन क्लोरीनच्या गोळ्या महाग झाल्या, मिळेनात. 2021 च्या फेब्रुवारीत कडाक्याच्या थंडीत लाईट गेली, पंप बंद पडले, पाईपातलं पाणी गोठलं आणि कितीतरी घरांचे पंप आणि फिल्टर तडकले. आणि बारकी मुलं असलेल्या घरात तर वेगळीच धास्ती, अमेरिकेत 1 ते 4 वर्षांच्या मुलांच्या मृत्यूचं पहिल्या नंबरचं कारण बुडणं हेच आहे. नुसता बंद करून ठेवू म्हणाल तर पाणी हिरवं होतं, डास होतात, आणि 2012 ला डॅलसमध्ये वेस्ट नाईलची, म्हणजे डासांतून पसरणाऱ्या तापाची, जी साथ आली होती ती इथल्या जुन्या लोकांना अजून आठवते.

म्हणून लोक म्हणतात, बुजवून टाकू. एक खड्डा आहे, माती टाकायची, वर लॉन. संपलं.

इथेच घोळ होतो बरं का. खड्डा भरणं कठीण नाहीये, पैसे दिले की कोणीही भरून देतो. कठीण आहे ते पाण्याचं. गनाइटचा पूल म्हणजे सळया घालून केलेला काँक्रीटचा हौद, तो मुद्दाम पाणी बाहेर जाऊ नये म्हणूनच बांधलेला असतो. तो तसाच ठेवून वर माती भरली तर काय होईल? बिनभोकाची कुंडी. पावसाचं, स्प्रिंकलरचं पाणी वरून मुरणार आणि आत साचून राहणार, माती चिखल होणार, खचणार, दोन पावसाळ्यांत वरती तळं.

आणि आपल्याकडची माती ही अशी! प्लेनो-मॅकिनीखाली जी काळी चिकण माती आहे, तिला इथे ब्लॅकलँड प्रेअरी म्हणतात, पार रेड रिव्हरपासून सॅन अँटोनिओपर्यंत हा पट्टा जातो. ही मराठवाड्या-विदर्भातल्या काळ्या मातीच्याच कुळातली, मातीशास्त्रात दोघींना वर्टिसॉल म्हणतात. ज्याचं गाव तिकडे आहे त्याला मी काही वेगळं सांगायला नको, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा आणि पावसात फुगून बुटाला किलोभर चिकटणार. इथली घरांची फाउंडेशन हलतात ती याच मातीमुळे. आता या मातीत पाण्याने भरलेला एक हौद घरापासून पंधरा फुटांवर गाडून ठेवायचा का, हा विचार करा.

आता कामाचे दोन प्रकार. एक पार्शल, एक फुल.

पार्शल म्हणजे पूल उपसायचा, तळाला ब्रेकरने, म्हणजे काँक्रीट फोडायच्या मशीनने, भोकं पाडायची, भिंतींचा वरचा दोन-तीन फुटांचा भाग फोडायचा, तो राडारोडा तळाशीच टाकायचा, वर खडी, मग जिओटेक्स्टाइल कापड, मग भराव, मग सगळ्यात वर बागेची माती. बाकीचा हौद जमिनीतच राहतो. फुल म्हणजे सगळं काँक्रीट, सळई, पाईप, आजूबाजूचा डेक, सगळं उचलून ट्रकमधून बाहेर आणि स्वच्छ खड्ड्यात नवा भराव. खर्च म्हणाल तर साध्या पार्शलचा साधारण 5 ते 10 हजार डॉलर धरून चाला, फुलचा 10 ते 20 हजार, आणि गेट अरुंद असेल, पूल मोठा असेल तर त्याच्याही पुढे.

ते कापड कशाला, हे मला खूप जण विचारतात, कारण कोटेशनमधून पहिलं तेच उडतं. तुटलेल्या काँक्रीटचे तुकडे एकमेकांवर पडले की मध्ये पोकळ्या राहतात. वरची बारीक माती पाण्याबरोबर हळूहळू त्या पोकळ्यांत उतरते, आणि एक दिवस लॉनमध्ये पाय घोट्यापर्यंत आत जातो. कापडातून पाणी जातं, माती जात नाही. एवढ्या मोठ्या कामात त्याचा खर्च किरकोळ असतो, तिथे काटकसर करणारा कॉन्ट्रॅक्टर मला तरी नको. तसंच लाकडी डेकच्या फळ्या, झाडांची मुळं, ओंडके खड्ड्यात ढकलायचे नाहीत. ते कुजतात आणि तेवढी जागा रिकामी होते. माझ्या ओळखीतल्या एका घरी असंच काहीतरी पुरून गेले होते बहुतेक, कारण ऑगस्टच्या उन्हात त्यांच्या लॉनवर पूलचा अख्खा आकार उमटतो, तो राजम्याच्या दाण्यासारखा वळलेला असतो ना, तसाच्या तसा. कडेने गवत पिवळं, खाली भिंत आहे ना, तिथे माती पातळ, आणि आतल्या बाजूला बोट जाईल अशी फट.

आता भोकांबद्दल. बऱ्याच सिटी पूल पाडायला डिमॉलिशन परमिट मागतात, आणि भोकं पाडल्यावर, भरायच्या आधी, इन्स्पेक्टर येऊन बघून जातो. त्याने बघितल्याशिवाय एक पाटी माती आत पडता कामा नये, नाहीतर परत उकरायला लावेल. पण माझं म्हणणं, काळ्या मातीत नुसत्या भोकांवर विसंबू नका. वाळूच्या जमिनीत भोकातून पाणी लगेच खाली जातं, चिकण मातीत ते आठवडेच्या आठवडे रेंगाळतं. त्यामुळे पार्शलच करायचं असेल तर तळ सगळा फोडून घ्या, ब्रेकर आलेलाच असतो, थोडे तास जास्त लागतील. आणि वरची माती अशी उतरती करा की पाणी मुळात आत जायलाच नको. घराच्या बाजूला पहिल्या 10 फुटांत किमान 6 इंच उतार घरापासून लांब, हा बिल्डिंग कोडचाच आकडा आहे.

बरं, पाणी उपसायचं म्हणजे पंप लावला आणि रस्त्यावर सोडलं, असं करू नका हां. रस्त्याकडेची गटारं सरळ ओढ्यात जातात, क्लोरीनने मासे मरतात आणि सिटीचा दंड येतो. क्लोरीन टाकणं काही दिवस आधी बंद करायचं, ऊन बाकीचं काम करतं, मग सिटीला विचारून सॅनिटरी सुअरच्या क्लीनआउटमध्ये, म्हणजे घराच्या सांडपाण्याच्या पाईपला झाकणाचं जे तोंड असतं त्यात, हळूहळू सोडायचं. खारट पाण्याचा पूल असेल तर लॉनवर तर अजिबात नको.

आणि सलग पाऊस झालेला असताना पूल रिकामा करायचा नाही, हे मात्र खरंच ऐका. जमिनीतल्या पाण्याचा दाब खालून वर असतो, पूल भरलेला असतो तोवर त्याचं वजन तो दाब धरून ठेवतं. रिकामा केला की अख्खा हौद जमिनीतून वर येऊ शकतो, फायबरग्लासचा तर पटकन. सोबत डेक तुटतो, पाईप तुटतात, गॅसची लाईन जवळ असेल तर विचारूच नका. एप्रिल-मेमध्ये इथे वादळं असतात, तेव्हा हे काम काढू नका.

आता भरावाचा हिशोब, कारण इथे लोकांना अंदाजच नसतो. समजा 16 बाय 32 फुटांचा पूल, सरासरी 5 फूट खोल. 2560 घनफूट झाले, म्हणजे साधारण 95 घनयार्ड. पाणी म्हणाल तर 19 हजार गॅलन. एका डंप ट्रकमध्ये साधारण 12 घनयार्ड येतात, म्हणजे 8 ट्रक, पण भराव दाबला की बसतो, म्हणून 20 टक्के जास्त धरा, 10 ट्रक लागतील. पार्शलमध्ये राडारोडा आतच राहतो म्हणून थोडे कमी. आता भरलेला ट्रक तुमच्या ड्राइव्हवेवर चढला तर तिथलं 4 इंची काँक्रीट तडकणारच. त्यामुळे ट्रक कुठे रिकामे होणार, रस्त्यावर माती ठेवायला परवानगी लागते का, आणि तिथून बॉबकॅट, म्हणजे माती उचलायचं छोटं मशीन, गेटमधून जातंय का, हे कोटेशन घेतानाच विचारा. बॉबकॅटला निवांत जायला 8 ते 10 फूट वाट हवी. कुंपणाच्या फळ्या काढाव्या लागल्या तर शेजाऱ्याला आधी सांगा, कुंपण बऱ्याचदा दोघांचं असतं.

दबाई! यावर कोणी बोलत नाही. ट्रकने माती ओतली आणि बॉबकॅट वरून दोनदा फिरवला म्हणजे दबाई नाही. 8 ते 12 इंचांचा थर टाकायचा, किंचित ओला करायचा, रोलर नाहीतर धुम्मस मारायची, मग पुढचा थर. आठ फूट खोल भागात असे आठ ते बारा थर होतात, म्हणूनच लोकांना कंटाळा येतो. पुढेमागे तिथे खोली वाढवायची असेल तर फुल रिमूव्हलच करा आणि जिओटेक्निकल लॅबकडून टेस्ट घ्या. त्यांचा माणूस एक पिवळी पेटी घेऊन येतो, जमिनीत दांडी घालून घनता मोजतो, आणि साधारणपणे प्रॉक्टर टेस्टच्या, म्हणजे ती माती लॅबमध्ये जास्तीत जास्त दाबून जी घनता येते तिच्या, 95 टक्के मागतात. तो कागद जपून ठेवा. पार्शल केलेल्या जागेवर घराचं बांधकाम विसरा, हलकी शेड किंवा भाज्यांचे वाफे इतपत ठीक.

व्हायनल लायनरचा, म्हणजे आतून प्लास्टिकचं अस्तर असलेला, पूल असेल तर ते प्लास्टिक सगळंच्या सगळं बाहेर काढायचं, गाडायचं नाही, त्यात जास्त बोलण्यासारखं काही नाही.

खणायच्या आधी 811 ला फोन, जमिनीखालच्या लाईन मार्क करून घ्यायचा हा नंबर, टेक्ससमध्ये कामाच्या किमान 48 तास आधी, शनिवार-रविवार सोडून, आणि तो फुकट आहे. पण ते लोक फक्त कंपन्यांच्या लाईन मार्क करतात, ढोबळमानाने मीटरपर्यंत. मीटरपासून पूलच्या हीटरला गेलेली गॅसची लाईन, पंपाची 240 व्होल्टची वायर, पाण्यातल्या दिव्यांची वायर, या तुमच्या स्वतःच्या, त्या कोणी मार्क करत नाही. तिथे प्लंबर आणि इलेक्ट्रिशियन बोलवून आधी तोडून घ्या. नुसता पॅनेलमधला सर्किट ब्रेकर खाली पाडून नका ठेवू, वायर पॅनेलपासून काढून घ्या.

कागदपत्रं. एचओए, म्हणजे घरमालकांची सोसायटी, असेल तर त्यांची मंजुरी आधी, नंतर नाही. काम संपलं की इन्शुरन्सवाल्याला कळवा. आणि कौंटीच्या अप्रेझल डिस्ट्रिक्टला, म्हणजे टॅक्ससाठी घराची किंमत ठरवणाऱ्या ऑफिसला, कळवा, कारण त्यांच्या रेकॉर्डला पूल असतो आणि तुम्ही नसलेल्या पूलवर टॅक्स भरत बसता. टेक्ससमध्ये 1 जानेवारीला प्रॉपर्टी कशी होती त्यावर त्या वर्षाचा टॅक्स लागतो, म्हणून डिसेंबरच्या आत काम उरकलं तर उत्तम, फेब्रुवारीत केलंत तर ते वर्ष गेलंच. त्यांची किंमतीची नोटीस आली आणि तरी त्यात पूल दिसत असेल तर सहसा 15 मेपर्यंत प्रोटेस्ट, म्हणजे हरकत, करता येतो. घर विकताना सेलर डिस्क्लोजरमध्ये, म्हणजे घरातले दोष सांगायच्या फॉर्ममध्ये, भराव, खचणं, माती सरकणं याबद्दल विचारतात, तिथे पूल बुजवलाय हे लिहायचं. लपवलं आणि पुढच्याला खणताना सळई लागली तर तो वकिलाकडेच जाणार. परमिट, इन्स्पेक्शनचा कागद, आणि कामाचे फोटो, विशेषतः तळ फोडलेला आणि कापड अंथरलेलं दिसेल असे, एका फोल्डरला टाका.

आणि हो, दोन-तीन वर्षांत घर विकणारच असाल तर घाई करू नका असं माझं मत. इथल्या उन्हाळ्यात पूल बघूनच घर घेणारे बरेच आहेत, तुम्ही हजारो डॉलर घालून बुजवाल आणि येणारा म्हणेल, अरे इथे पूल होता का!

बुजवून झाल्यावर पहिलं वर्ष तिथे मोठं झाड लावू नका आणि महागडं पेव्हर, म्हणजे फरसबंदी, तर नकोच. माती कितीही दाबली तरी थोडी बसते, म्हणून चार-पाच यार्ड माती कोपऱ्यात ताडपत्रीखाली ठेवा आणि पावसाळी महिने झाले की खोलगट जागा भरून घ्या.

प्रश्न असतील तर खाली विचारा, पण सिटीचं नाव, पूल गनाइटचा की फायबरग्लासचा, आणि गेट किती फूट रुंद आहे एवढं लिहा, नाहीतर मी काय सांगणार? चला, भेटू.