प्लगमध्ये लावायचं सोलर: नियम कुणासाठी, कशासाठी?

मंडळी, सोलरचं अनुदान मिळतं कुणाला? ज्याचं स्वतःचं घर आणि स्वतःचं छत आहे त्याला. सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटला ७८,००० रुपये मिळतात, चांगलीच गोष्ट आहे. पण इथे लातूरच्या ट्यूशन एरियात खोली करून राहणाऱ्या पोरांचं काय? वाळूजला भाड्याने राहणाऱ्या कामगाराचं काय? ऊन त्यांच्याही गॅलरीत पडतं.

जर्मनीत अशाच लोकांनी गॅलरीच्या कठड्याला एक-दोन पॅनल बांधले आणि छोट्या इन्व्हर्टरची (बॅटरीवाला नव्हे, पॅनलची वीज घरच्या विजेसारखी करणारा डबा) पिन घरातल्या सॉकेटात घातली. २०२४ मध्ये तिथल्या सरकारने इन्व्हर्टरची मर्यादा ६०० वरून ८०० वॉटवर नेली, नोंदणीही सोपी केली. अमेरिकेत युटा राज्याने २०२५ मध्ये १२०० वॉटपर्यंतच्या संचाला वीज कंपनीशी करार करण्यातून सूट दिली. उपकरण मात्र प्रमाणितच हवं.

आपल्याकडे नेट मीटरिंगचे, म्हणजे सोलरची उरलेली वीज वीज कंपनीला देऊन बिलातून वजा करून घेण्याचे नियम राज्य वीज नियामक आयोग करतो. छतावर पक्का बसवलेला संच डोळ्यांपुढे ठेवूनच ते केलेले आहेत. म्हणजे अर्ज, करार, मीटर बदलणं. गॅलरीतल्या दोन पॅनलसाठी एवढा खटाटोप कोण करेल? लोक गुपचूप लावतील, आणि मला काळजी त्याचीच आहे.

कारण लाईट गेली की हा संच त्याच क्षणी बंद पडायला हवा. नाही पडला तर घरातली वीज उलटी खांबाकडे जाते. ट्रान्सफॉर्मरमधून उलटी गेली तर २३० व्होल्टचे ११,००० होतात, आणि वर खांबावर दुरुस्ती करणारा वायरमन असतो. आपल्याकडे तर लाईट जाणं रोजचंच. लाईट गेल्यावर पंखा चालेल या आशेने लोक हा संच घेतील, आणि नेमका तेव्हाच तो बंद राहील. हे खोक्यावर ठळक मराठीत छापणं सक्तीचं करा.

दुसरं, वायरिंग. ८०० वॉट म्हणजे साधारण साडेतीन अँपिअर. १६ अँपिअरचा एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) मीटरकडून येणारा करंटच मोजतो. सॉकेटातून आत शिरलेले साडेतीन त्याला दिसत नाहीत. त्याच लाईनवर गिझर आणि शेगडी चालू असेल तर भिंतीतली जुनी वायर साडेएकोणीसपर्यंत ओढते आणि एमसीबी पडत नाही. अर्थिंग नसलेली घरं तर तुम्ही रोज पाहता.

मीटरचंही तसंच. काही इलेक्ट्रॉनिक मीटर बाहेर गेलेली वीजसुद्धा वापरात धरतात, म्हणजे बिल उलट वाढायचं.

म्हणून माझं म्हणणं असं आहे: अटी उपकरणावर घाला, घेणाऱ्यावर नको. वॉटची मर्यादा ठरवा, प्रमाणपत्राशिवाय विक्री बंद करा, पिन उपसली की ती लगेच निर्जीव झालीच पाहिजे असं लिहा. मग ग्राहकाने मोबाइलवर नोंद केली की पुरे. घरमालकाला कारण न देता अडवता येऊ नये, हेही त्यात हवं.

आयोग मसुदा काढतो तेव्हा हरकती-सूचना मागवतो. पण मसुदा निघेपर्यंत वाट कशाला पाहायची? भाडेकरूंच्या वतीने निवेदन मी लिहून देतो, सह्या तुम्ही गोळा करा. वायरमन मंडळींनाही सोबत घ्या.