बर्फातलं पहिलं बोन्साय

श्रोतेहो, नमस्कार. टोरांटो असो, शिकागो असो की मिनियापोलिस, सप्टेंबर सरला की मराठी घरांत एकच लगबग उडते. तुळस आत, कढीपत्ता आत, मोगरा आत. बरोबरच आहे, ती उष्ण मुलखातली झाडं. पण त्याच झपाट्यात बोन्सायही आत येतं आणि तिथे घात होतो. जुनिपर, लार्च, पाइन, मेपल या थंड मुलखातल्या झाडांना हिवाळ्यात झोप हवी असते. गरम दिवाणखान्यात ती झोप मिळत नाही आणि झाड खंगत जातं. जुनिपर तर इतकं लबाड, की मेल्यावरही काही आठवडे हिरवंगार दिसतं! तेव्हा थंड मुलखातलं झाड बाहेर ठेवायचं. पुन्हा सांगतो, बाहेर.

आता ती गोष्ट. बोन्सायचा विषय निघाला की ती सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

वॉशिंग्टनच्या नॅशनल आर्बोरेटममध्ये, म्हणजे तिथल्या राष्ट्रीय वृक्षोद्यानात, बोन्सायचं संग्रहालय आहे. तिथे एक जपानी व्हाइट पाइन आहे, मियाजिमा बेटाच्या जातीचा. बुंधा चांगला जाडजूड, वर सुयांचा गच्च हिरवा डेरा. 1976 साली अमेरिकेच्या स्वातंत्र्याला दोनशे वर्षं झाली, तेव्हा जपानने 53 बोन्साय भेट दिली, त्यातलं हे एक. देणारे मासारू यामाकी. या झाडाला वळण लावायला सुरुवात झाली 1625 मध्ये. म्हणजे शिवाजी महाराजांचा जन्मही व्हायचा होता! (बोन्सायमुळे घराची भरभराट खुंटते म्हणणारे वास्तुवाले भेटतात ना, त्यांना मी हेच झाड ऐकवतो. यामाकींच्या घराण्याने ते पिढ्यान् पिढ्या सांभाळलं.)

तर झाड आलं, रुजलं, लोक बघून जाऊ लागले. मग 2001 साली दोन जपानी भाऊ संग्रहालयात आले. म्हणाले, आमच्या आजोबांचं झाड बघायचंय. बोलता बोलता उलगडलं, की यामाकींची रोपवाटिका हिरोशिमात होती. 6 ऑगस्ट 1945, सकाळी सव्वाआठ. बॉम्ब पडला तो यामाकींच्या घरापासून तीनेक किलोमीटरवर. सगळी घरात होती. खिडक्यांच्या काचा फुटून अंगात घुसल्या, पण माणसं वाचली. आणि हे झाड? ते बाहेर होतं, रोपवाटिकेच्या उंच भिंतीआड. भिंतीने तडाखा झेलला आणि झाड वाचलं.

एकतीस वर्षांनी यामाकींनी ते कोणाला दिलं? ज्यांनी बॉम्ब टाकला त्यांनाच. आणि झाड कशातून वाचलंय, हे सोबत सांगून पाठवलं नाही. पंचवीस वर्षं त्याला पाणी घालणाऱ्यांना ते कुठून वाचून आलंय याचा पत्ता नव्हता. मी असतो तर कुंडीवर पाटीच लावली असती!

असो, घड्याळ पळतंय. भिंत तुम्हालाही लागणार आहे, हिवाळी वाऱ्यासाठी. जमिनीतल्या मुळांना मातीची ऊब असते, कुंडीतली मुळं चहूबाजूंनी गारठतात. म्हणून झाड निवडताना आपल्या हार्डिनेस झोनपेक्षा (हिवाळ्यात किती कडक थंडी पडते, त्यावरून पाडलेले हे विभाग) एकदोन झोन जास्त थंडी सोसणारं निवडा. नीट ऐका, एकदोन झोन जास्त. हिवाळ्यात कुंडी भिंतीच्या आडोशाला, सावलीच्या बाजूला, काठापर्यंत जमिनीत पुरा आणि वर पालापाचोळा टाका. ऊन नको, कारण दिवसा वितळणं आणि रात्री गोठणं मुळांना फार छळतं.

पहिलं झाड म्हणून मी लार्च सांगेन, त्यातही इथलाच टॅमरॅक. दलदलीत वाढणारा, त्यामुळे नवशिक्याच्या हातून पाणी जास्त पडलं तरी सहसा रागावत नाही. मुगो पाइन चालेल, अमूर मेपल चालेल. जपानी मेपलचा मोह मिनियापोलिसकरांनी आवरावा. आणि मॉलमधलं, मातीवर गोटे चिकटवलेलं जुनिपर घेऊ नका. पाणी आत मुरत नाही, माती दिसत नाही, आणि पैसे भरमसाट. साध्या नर्सरीतून जाड बुंध्याचं रोप आणा.

एक मात्र सांगायलाच हवं. लार्चच्या सुया शरदात सोनेरी होऊन झडतात. घाबरून कचऱ्यात टाकू नका. शंका आली तर फांदीची साल नखाने किंचित खरवडा. खाली ओलसर हिरवं दिसलं, तर झाड झोपलंय. नमस्कार.