साचा कुठे आहे?

श्रोतेहो, नमस्कार.

चतुर्थीला अजून दीड महिना होता. पाट द्यायला मी माशेलला आमच्या मूर्तिकारांच्या चित्रशाळेत गेलो होतो. बाहेर धो धो पाऊस, दारात पाय पुसायला गोणपाट, आत ओल्या चिकणमातीचा वास. पाटाबरोबर माझ्या पिशवीत आणखी एक खोकं होतं, सुटे भाग जोडून बनवायच्या छोट्या विमानाचं, म्हणजे किटचं. डोळे उघडायला, म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवायला, ते जो बारीक ब्रश वापरतात तो मला या विमानासाठी हवा होता. त्यांनी हात पंचाला पुसले आणि खोक्यातली प्लास्टिकची एक चौकट उचलली. अशा चौकटीला विमानाचे सुटे भाग कैऱ्यांसारखे लटकलेले असतात. इंजिनाचे सिलिंडर, मशीनगन, नखाएवढं घड्याळांचं फळकूट. त्यांनी ती उजेडाकडे धरली, बराच वेळ फिरवून पाहिली आणि विचारलं, "हाचो साचो खंय आसा, मास्तर?"

याचा साचा कुठे आहे?

जन्मभर साच्यातून गणपती काढलेल्या माणसाला पहिला प्रश्न हाच पडणार. मला उत्तर देता आलं नाही. त्या प्रश्नाच्या मागे लागून मला जे कळलं, ते आज तुम्हांला सांगायचं आहे.

ते किट विंगनट विंग्ज या न्यूझीलंडच्या कंपनीचं. माझा एक जुना विद्यार्थी तारवटी आहे, जहाजावर असतो. २०१८ साली सुट्टीवर येताना त्याने ते माझ्यासाठी आणलं. विमान आहे एस. ई. ५ ए, पहिल्या महायुद्धातलं ब्रिटिश लढाऊ विमान, दोन मजली पंखांचं. मी तेच मागितलं होतं, कारण आपला इंद्रलाल रॉय ते चालवायचा. कलकत्त्याचा मुलगा. १९१८च्या जुलैमध्ये ४० क्रमांकाच्या स्क्वाड्रनमधून लढताना दोन आठवडेसुद्धा पुरे झाले नसतील, तेवढ्यात त्याच्या नावावर दहा विजय लागले, आणि २२ जुलैला तो पडला. वय एकोणीस. शाळेत शिकवताना मी त्याचं नाव घेतो तेव्हा मुलं विचारतात, विमान कसं होतं? फळ्यावर चित्र काढून ते कळत नाही. हातात घेऊन, पंखांमधल्या तारांतून बोट घालून पाहिलं की कळतं.

विंगनट विंग्जची पहिली किट २००९ साली आली. कंपनी पीटर जॅक्सन यांची. जग त्यांना चित्रपट दिग्दर्शक म्हणून ओळखतं, पण पहिल्या महायुद्धातली विमानं हे या माणसाचं खरं वेड. त्या वेडातून वेलिंग्टनला द व्हिंटेज एव्हिएटर नावाची कार्यशाळा उभी राहिली. तिथे शंभर वर्षांपूर्वीची विमानं नव्याने बांधली, आणि तीही पूर्ण आकाराची, उडणारी. लाकडाची फ्रेम, तिच्यावर लिननचं कापड, कापडावर ते ताणून घट्ट करणाऱ्या रोगणाचे थर. आणि इंजिन? जुनी इंजिनं कुठून आणायची? म्हणून त्यांनी इंजिनंसुद्धा मूळ नमुन्याबरहुकूम नव्याने घडवली.

त्यांतल्या एका इंजिनाबद्दल थोडं सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. ओबरउर्सल नावाचं जर्मन इंजिन. आपल्या गाडीचं इंजिन जागेवर असतं आणि आतला दांडा फिरतो. इथे दांडा विमानाला घट्ट बसवलेला, आणि सगळं इंजिन, सिलिंडरांसकट, पंख्याबरोबर गरागरा फिरतं. वंगण एरंडेलाचं. हो, तेच आपलं घरातलं एरंडेल. ते पेट्रोलमध्ये सहज मिसळत नाही म्हणून निवडलेलं. पण एकदा आत गेलेलं तेल परत टाकीत येत नाही, धुराबरोबर बाहेर फेकलं जातं, वैमानिकाच्या तोंडावर, चष्म्यावर. असं इंजिन कागदावर वाचून बनवता येत नाही. कोणीतरी ते ओततं, लेथवर घडवतं, चालवतं, ते जळतं, मग परत ओततं. तेव्हा त्याचं ज्ञान हाताला येतं.

आता माझं छोटं किट या मोठ्या विमानांच्या शेजारीच जन्मलेलं. प्रमाण एकास बत्तीस. खऱ्या एस. ई. ५ एच्या पंखांची रुंदी साधारण ८ मीटर, माझ्या टेबलावर ती २५ सेंटिमीटर. माहितीपुस्तिकेत युद्धकाळातले फोटो आहेत, आणि जतन केलेल्या विमानांचे रंगीत फोटोही आहेत, कुठली तार कुठून निघून कुठे जाते ते दाखवणारे. जर्मन विमानांच्या किटमध्ये पंखावरच्या छापील बहुकोनी नक्षीचे पातळ चिकटचित्रांचे तुकडे यायचे, इटलीतल्या कार्टोग्राफ कंपनीने छापलेले. एखादा भाग गहाळ निघाला तर लिहून कळवा, कंपनी पाठवून देते, अशी तिची ख्याती होती.

आणि २०२० साली, कोविडच्या त्या पहिल्या महिन्यांतच, ही कंपनी बंद झाली.

त्या वेळी तिच्याकडे लँकेस्टर बॉम्बरचं किट तयार होत आलं होतं. एकास बत्तीस प्रमाणात त्याचे पंख जवळजवळ एक मीटर भरतात. लोक वर्षानुवर्षं वाट पाहत होते. ते साचे पुढे चीनमधल्या बॉर्डर मॉडेल या कंपनीकडे गेले, फॉकर ट्रायप्लेन या विमानाचे मेंग कंपनीकडे गेले आणि त्या खोक्यांवर नवी नावं आली. कंपनीतल्या काही जणांनी न्यूझीलंडमध्येच कोटारे नावाने पुन्हा सुरुवात केली. २०२२ साली त्यांचं पहिलं किट आलं, स्पिटफायर. कोटारे म्हणजे तिथल्या माओरी भाषेत आपला खंड्या पक्षी. हे वाचलं तेव्हा मला खरंच बरं वाटलं. तळ्याकाठच्या तारेवर बसणारा खंड्या आपल्या रोजच्या ओळखीचा.

श्रोतेहो, साचा म्हणजे इथे काय, तेही सांगतो. पोलादाचे दोन जड ठोकळे, एकमेकांवर घट्ट बसणारे. आतल्या बाजूला विमानाचा प्रत्येक भाग उलटा कोरलेला. तापवून पातळ केलेलं प्लास्टिक दाबाने आत जातं, काही सेकंदांत थिजतं, ठोकळे उघडतात, चौकट बाहेर पडते. एक साचा कोरायला लाखांनी पैसे लागतात आणि ते सगळे पहिलं खोकं विकण्याआधी. गिऱ्हाईक मात्र जगभर विखुरलेलं, थोडं, आणि दरवर्षी वयाने वाढणारं. ही गणितं जुळली नाहीत की कारखान्याला कुलूप लागतं. पण पोलाद कुजत नाही. म्हणून कारखाना मेला तरी साचा भटकत राहतो.

फ्रॉगचीच गोष्ट घ्या. इंग्लंडची ही कंपनी. १९३६ साली प्लास्टिकची किट पहिल्यांदा तिनेच काढली, पेंग्विन नावाने. १९७६च्या सुमाराला ती बंद झाली. तिचे बहुतेक साचे सोव्हिएत रशियात गेले आणि तीच विमानं नोवो नावाच्या खोक्यांतून परत बाजारात आली. पण जर्मन, इटालियन आणि जपानी विमानांचे साचे रशियाला नको होते. दुसऱ्या महायुद्धात कोटींनी माणसं गमावलेल्या देशात मेसरश्मिटसारख्या जर्मन लढाऊ विमानांची खेळणी कोण विकणार? ते साचे रेव्हेल या दुसऱ्या किट कंपनीकडे गेले. एका घरातली भावंडं अशी दोन दिशांना. इंग्लंडचीच दुसरी किट कंपनी एअरफिक्स १९८१ साली बुडाली, हात बदलले, २००६ साली पुन्हा तीच पाळी आली आणि तिला हॉर्नबी या कंपनीने घेतलं. त्यानंतर कित्येक वर्षं एअरफिक्सच्या खोक्यांवर 'मेड इन इंडिया' छापलेलं असायचं, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे. अमेरिकेतल्या रेव्हेलची मालक कंपनी २०१८ साली दिवाळखोरीत गेली, जर्मनीतली रेव्हेल दुसऱ्यांनी घेऊन चालू ठेवली.

मोठ्या कंपन्यांचं असं काहीतरी होतं, कोणीतरी घेतं. मला काळजी छोट्यांची आहे. आपल्या नौदलाच्या विमानांना हात लावणाऱ्या कंपन्या बहुतेक छोट्याच. सी हॉकचं एकास अठ्ठेचाळीस प्रमाणातलं देखणं किट अमेरिकेच्या क्लासिक एअरफ्रेम्सने काढलं होतं. ती कंपनी बंद झाली. छोट्या कंपन्यांचे साचे हलक्या धातूचे असतात, थोडीच खोकी काढून झिजतात. ते कोणी विकत घेत नाही.

म्हणून मला बोगमाळोला जायचं आहे, आणि तुम्हांलाही न्यायचं आहे.

दाबोळी विमानतळाच्या कुशीला, बोगमाळोच्या रस्त्यावर नौदलाचं विमान संग्रहालय आहे. १९९८ साली उघडलं. आपल्यातले कितीतरी जण शाळेच्या सहलीत गेले असतील, सुपर कॉन्स्टेलेशनसमोर फोटो काढला असेल. माशासारखं कमानदार अंग आणि शेपटाला तीन पंख, ते. त्याच आवारात सी हॉक आहे, अलिझे आहे, फायरफ्लाय आहे, पाण्यावर उतरणारं छोटं सीलँड आहे. सी हॉक आणि अलिझे ही १९७१च्या युद्धात विक्रांतवरून उडालेली विमानं. कॉक्स बझार आणि चितगाववर गेली ती हीच. ती आता उघड्यावर उभी आहेत. समोर समुद्र. गोव्याची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस घराच्या खिडकीच्या गजांचं काय करतो ते आपण दरवर्षी बघतो. संग्रहालयातली माणसं रंग देतात, निगा राखतात. तरी अॅल्युमिनियमवर मिठाची पांढरी पूड धरते, ती मी जवळून पाहिली आहे. रिव्हेटच्या डोक्याभोवती आधी येते, रांगोळीच्या ठिपक्यांसारखी.

पाट घेऊन गेलो त्या दिवशी मी मूर्तिकारांना एवढंच म्हणालो होतो की कंपनी बंद पडली, साच्याचं मला माहीत नाही. चतुर्थीच्या आदल्या दिवशी गणपती आणायला गेलो तेव्हा त्यांच्या मनातून ते गेलं नव्हतं. मूर्ती पाटावर ठेवता ठेवता म्हणाले, "साचो फुटलो जाल्यार मूर्तीवयल्यान परत काडपाक येता. पूण मूर्त आसूंक जाय."

साचा फुटला तर मूर्तीवरून पुन्हा घेता येतो. पण मूर्ती असायला हवी.

त्याच महिन्यात मी शाळेतल्या सातवी-आठवीच्या बारा मुलांना घेऊन बोगमाळोला गेलो. परवानगी काढली होती. विमानाला हात लावायचा नाही हे आधीच बजावलेलं. जमिनीवर मीटरपट्टी ठेवायची, विमानाच्या बरोबर बाजूला उभं राहून, समोर, मागे, शक्य तितक्या लांबून फोटो काढायचा, म्हणजे आकार वाकडा येत नाही. मग कागदावर पट्टीच्या मापाने गुणायचं. अलिझेचे पंख १५.६ मीटर. एकास बहात्तरने भागले तर सुमारे २१.७ सेंटिमीटर. हे भागाकार मुलांनी तिथेच, विमानाच्या सावलीत बसून केले. वर्गात दशांश चिन्ह विसरणारी मुलगी तिथे विसरली नाही. एकाने पंखाखालचा लांबट फुगवटा पाहून विचारलं, ही पेट्रोलची टाकी का? त्यात चाकं मिटून जातात, आणि पाणबुडीचा आवाज ऐकणारी यंत्रं, सोनोबॉय, त्यातूनच समुद्रात टाकत. मग त्या मुलाने फुगवटा तीन वेळा काढला, मनासारखा येईपर्यंत.

आमच्याकडे पोलादाचा साचा कोरायची ऐपत नाही. पण माप कागदावर उतरलेलं असलं तर उद्या कोणीतरी लाकडात कोरील, कोणी छपाई यंत्रावर थर चढवून काढील. मला वाटतं गोव्यातल्या प्रत्येक शाळेने यांतलं एक एक विमान वाटून घ्यावं. मोजण्यासारखं अजून पुष्कळ उभं आहे.

माझ्या एस. ई. ५ एबद्दल सांगायचं राहिलं. खोकं उघडलं त्या वर्षीच वरच्या पंखाला पेलणारा एक टेकू माझ्या हातून मोडला. कंपनीला लिहिलं असतं तर नवा पाठवल्याशिवाय राहिले नसते. पुढच्या महिन्यात लिहू, परीक्षा संपल्यावर लिहू, असं करत राहिलो आणि लिहायला जागाच उरली नाही. ही चुटपुट माझी माझ्यापाशी. शेवटी आकाशकंदिलाच्या बांबूची कामटी घेतली, ब्लेडने तासली, काचपेपरने घासून तिचा काप पाण्याच्या थेंबासारखा केला. दोन बोटांत धरली तर गहू जड वाटावा. ती बसली. तारांसाठी वास्कोच्या बंदराजवळून मासे धरायची सर्वांत बारीक तंगूस आणली आहे. पण पावसात रंगावर पांढरट साय धरते, चिकटचित्रं दमट होऊन कडा उचलतात, म्हणून ते काम दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेसाठी ठेवलं आहे.

अलिझेचा कागद आमच्या वर्गाच्या भिंतीवर लावला आहे. पंख आहेत, शेपूट आहे, विमानवाहू जहाजावर पंख मिटतात ती घडीची रेघ आहे. पंख्याच्या पात्याची रुंदी मात्र अजून कोरी आहे. त्या दिवशी ऊन समोरून येत होतं, फोटोत पातं काळं आलं. सहामाही परीक्षा संपली की मुलं पुन्हा जाणार आहेत, या वेळी सकाळी लवकर.

नमस्कार.