मागचं स्प्रॉकेट एकटं बदलू नका

मंडळी, समोर उभी आहे ती यामाहाची आर१५, पहिल्या पिढीतली. २००८ साली ती भारतात आली तेव्हा १४९.८ सीसीच्या इंजिनाला पाण्याचं कूलिंग, सहा गिअर आणि अंगभर फेअरिंग, एवढं सगळं या किमतीत दुसरीकडे मिळत नव्हतं. आता या गाड्या तिसऱ्या-चौथ्या हाती फिरताहेत, आणि ज्याच्या हाती येते त्याची पहिली तक्रार ठरलेली : चेन आवाज करते. मग मित्र सांगतात, मागचं स्प्रॉकेट, म्हणजे मागच्या चाकावरचं चेनचं दातेरी चक्र, टाकून घे.

मागच्या स्प्रॉकेटचे दात झिजलेले दिसतात हे खरं, पण दुखणं बहुधा चेनमधलं असतं. चेनच्या प्रत्येक सांध्यात एक पिन आणि तिच्याभोवती बुश असतं. धूळ आणि कोरडेपणामुळे ती जोडी आतून घासत जाते. एका सांध्यातली झीज डोळ्यांना दिसणारही नाही, पण शंभरावर सांधे म्हटल्यावर चेन लांब होते. स्प्रॉकेटचे दात मात्र मूळ अंतरावरच कापलेले. मग बुशवरचा गोल रोलर दाताच्या बुडात न बसता वर चढतो, सगळा ओढा थोड्याच दातांवर येतो आणि दात वाघनखांसारखे एका अंगाला वळतात. अशा चेनखाली नवं स्प्रॉकेट घातलंत, तर त्याचेही दात तसेच वळतील. म्हणून चेन, इंजिनाकडचं पुढचं स्प्रॉकेट आणि मागचं, तिन्ही एकदम. पुण्यात नाना पेठेत किट मागितलंत की तिन्ही एकाच खोक्यात मिळतात.

झीज मोजायची कशी? या गाडीची चेन ४२८ मापाची. पहिला आकडा चार, म्हणजे दोन पिनांमधलं अंतर इंचाच्या आठ भागांपैकी चार : अर्धा इंच, १२.७ मिलिमीटर. चेन ताठ करून वीस अंतरं मोजा. नवी असेल तर २५४ मिलिमीटर भरतील. २५९ च्या आसपास आली तर दोन टक्के लांबली, आता तिच्यावर तेल घालून पैसे घालवू नका. पट्टी नसेल तर मागच्या स्प्रॉकेटच्या अगदी मागच्या टोकाला चेन बोटांनी मागे ओढा. खालचा दात अर्धा उघडा पडला, तर निकाल लागला.

आता दातांचा हिशेब, कारण इथे हौस फार असते. या गाडीला पुढे १४, मागे ४२, म्हणजे बरोबर तीन पट. २०११ साली दुसरी पिढी आली तेव्हा कंपनीने १५ आणि ४७ केलं, म्हणजे ३.१३. मला हा ४७ आवडतो. चेनच्या कड्या सम असतात आणि ४२ हाही सम, त्यामुळे चाक बसवलं की एखाद्या दाताच्या वाट्याला कायम आतल्याच कड्या येतात, शेजारच्याच्या वाट्याला बाहेरच्याच. ४७ दातांवर तसं होत नाही, झीज सगळीकडे वाटली जाते.

घाटात ओढ हवी म्हणून काही जण मागे ४४ लावतात. गुणोत्तर ३.१४ होतं, त्याच वेगाला इंजिन जवळपास पाच टक्के जास्त फिरतं. हायवेवर ते कानाला कळतं. शिवाय तीच चेन ठेवलीत तर एक्सल, म्हणजे चाकाचा दांडा, सहा-एक मिलिमीटर पुढे सरकतो, तेवढी जागा चेन ताणायच्या ॲडजस्टरमध्ये आहे का ते आधी बघा. पुढचं १३ करणं स्वस्त पडतं, पण लहान स्प्रॉकेटवर चेन जास्त वाकते आणि लवकर झिजते. मी तरी मूळ १४-४२ च ठेवीन.

खोलायचं काम त्यामानाने सोपं. चाक काढण्याआधीच, मागचा ब्रेक कुणाला तरी दाबून धरायला सांगून, स्प्रॉकेटचे नट थोडे सैल करा. चाक मांडीवर घेऊन पान्याशी झटापट करण्यात शहाणपण नाही. एकदा चाक निघालं की मात्र ब्रेकच्या पेडलला पाय लावायचा नाही. मागे डिस्क आहे, कॅलिपरचा, म्हणजे डिस्क दाबून धरणाऱ्या भागाचा, पिस्टन बाहेर येतो.

आणि स्प्रॉकेट ज्या हबवर बसतं तो उचलून आतले रबर बघाच. गॅस सोडताना-देताना बसणारा धक्का लोक चेनच्या माथी मारतात, पण रबर दबून गेले असले तर नव्या किटनंतरही तो तसाच राहतो. हबमधलं बेअरिंग बोटाने फिरवा, खरखर लागली तर आत्ताच बदला. स्प्रॉकेट बसण्याची जागा चिंधीनं पुसा. गंजाचा एक पापुद्रा राहिला तरी स्प्रॉकेट डुगडुगतं. समोरासमोरचे नट आळीपाळीने आवळा, शेवटी टॉर्क रेंच, म्हणजे ठरावीक जोर मोजून आवळणारा पाना. नट सुटू नये म्हणून कान दुमडायचे लॉक वॉशर असतील तर नवेच. एकदा दुमडलेला कान परत दुमडला की तुटतो.

चेन क्लिपवाली असेल तर क्लिपचं बंद टोक चेन धावते त्या दिशेला. ढिलाई मॅन्युअलप्रमाणे, पण चाक फिरवत जिथे चेन सर्वांत ताठ लागते तिथे मोजा. गच्च चेन आवाज करत नाही म्हणून आवडते. पण तिचा भार गिअरबॉक्सच्या शाफ्टच्या बेअरिंगवर जातो. स्विंगआर्मवरच्या, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्यांवरच्या, खुणांवर पूर्ण भरवसा नको, दोन्ही बाजूंना टेप लावून पिव्होट (स्विंगआर्म जिथे गाडीला जोडलाय तो खिळा) ते एक्सल मोजा. नवी चेन सुरुवातीला थोडी बसते, तेव्हा शे-दोनशे किलोमीटरनंतर ढिलाई आणि नट दोन्ही पुन्हा तपासा.