सेलमध्ये दिसतं ते आणि सेलमध्ये असतं ते

आज मी एक्सेल-वर्डच्या शॉर्टकटांची यादी घेऊन आलेलो नाही. ती कुठेही मिळते, आणि पाठ केली तरी वापरात नसेल तर विसरायला होते. मला एकाच गोष्टीबद्दल बोलायचं आहे, कारण ऑफिसात विनाकारण रेंगाळणाऱ्या बऱ्याच कामांच्या मुळाशी तीच सापडते. पडद्यावर आपल्याला दिसतं ते वेगळं आणि फाइलमध्ये साठवलेलं असतं ते वेगळं. सॉर्ट, फिल्टर, शोध, बेरीज हे सगळं चालतं ते साठवलेल्यावर.

एक्सेलपासून सुरुवात करू. कोऱ्या सेलमध्ये ३ एप्रिल २०२५ ही तारीख टाका आणि मग सेलचा फॉरमॅट ‘जनरल’ करा. तारीख जाते आणि ४५७५० हा आकडा दिसतो. बिघडलेलं काही नाही. एक्सेलच्या लेखी तारीख म्हणजे १ जानेवारी १९०० हा पहिला दिवस धरून केलेली दिवसांची मोजणी. म्हणून तर एका तारखेतून दुसरी वजा केली की मधले दिवस हाती येतात. (जाता जाता सांगतो: १९०० हे लीप वर्ष नव्हतं, तरी एक्सेल २९ फेब्रुवारी १९०० ही कधी न उजाडलेली तारीख खरी मानतं. लोटस १-२-३ या आधीच्या प्रोग्रॅमशी हिशेब जुळावा म्हणून ती चूक तशीच ठेवली गेली.)

आता असं धरा, तुम्हाला मेलने एक यादी आली. तारखा दिवस-महिना-वर्ष अशा लिहिलेल्या आहेत. तुमच्या विंडोजची रीजन सेटिंग मात्र अमेरिकेची, म्हणजे महिना आधी. यादी कॉपी केली, शीटमध्ये पेस्ट केली. ०३/०४/२०२५ चं काय झालं? एक्सेलने ती ४ मार्च समजून घेतली आणि आत ४५७२० साठवलं. दिसायला पुढची शून्यं गेली, एवढंच. आणि २५/०४/२०२५ चं? पंचविसावा महिना नसतो, म्हणून एक्सेलने तिला तारीखच मानलं नाही, नुसता मजकूर म्हणून ठेवून दिलं. एकाच रकान्यात काही तारखा चुकलेल्या, काही तारखाच नाहीत, आणि इशारा कुठेही नाही! थकबाकीचे दिवस मोजताना तीस दिवसांचा फरक पडतो, आणि लोक दोष फॉर्म्युल्यात शोधत बसतात.

ओळखायचं कसं? एक्सेल आपणहून आकडे आणि तारखा उजव्या कडेला लावतं, मजकूर डाव्या. रकाना मधोमध करायची पुष्कळांना सवय असते, नीटनेटकं दिसतं म्हणून. माझं आग्रहाचं सांगणं आहे, काम पुरं होईपर्यंत ते करू नका. डावं-उजवं ही फुकट मिळालेली तपासणी आहे, ती आपल्याच हाताने पुसली जाते.

उपायाचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी विंडोजच्या सेटिंग्जमध्ये ‘टाइम अँड लँग्वेज’ मध्ये जाऊन रीजनल फॉरमॅट बरोबर करा, एक्सेल बंद करून पुन्हा उघडा, आणि मूळ यादी नव्याने आणा. उलटलेली तारीख जागच्या जागी दुरुस्त करायला जाऊ नका, कारण कुठली उलटली आणि कुठली मुळात तशीच होती हे नंतर कळत नाही. सेटिंग बदलायची मुभा नसेल, तर पेस्ट करण्यापूर्वी रकान्याचा फॉरमॅट ‘टेक्स्ट’ करा आणि पेस्ट करताना नुसता मजकूर घ्या. मग डेटा टॅबमधलं ‘टेक्स्ट टू कॉलम्स’ उघडा, तिसऱ्या पायरीवर ‘डेट’ निवडून डीएमवाय, म्हणजे दिवस-महिना-वर्ष, सांगा. दिवस आधी आहे हे तुम्ही सांगितलंत, आता एक्सेलला अंदाज करावा लागत नाही.

हीच गत लांब क्रमांकांची. एक्सेल कुठल्याही संख्येचे पंधराच अंक धरून ठेवतं. सोळा अंकी क्रमांक टाकलात की शेवटचा अंक शून्य होतो, आणि फाइल सेव्ह झाली की तो परत येत नाही. खाते क्रमांक, फोन नंबर, शून्याने सुरू होणारे कोड यांची आपण कधी बेरीज करतो का? नाही. मग त्या संख्या नव्हेतच, तो मजकूर आहे. रकाना आधीच टेक्स्ट करून ठेवा. मानवी जनुकांना अधिकृत नावं देणाऱ्या समितीने २०२० मध्ये जाहीर केलं, की ‘मार्च १’, ‘सेप्ट १’ अशी काही नावं बदलली आहेत, कारण एक्सेल त्यांच्या तारखा करून टाकत होतं. २०२३ पासून एक्सेलच्या ऑप्शन्समध्ये ‘डेटा’ खाली हे आपोआप होणारे बदल बंद करायची सोय आहे. ती शून्यं, लांब क्रमांक आणि असल्या नावांसाठी आहे. वरची दिवस-महिन्याची उलटापालट मात्र तिने थांबत नाही.

वर्डबद्दल थोडक्यात. अक्षर ठळक आणि मोठं केलं म्हणजे शीर्षक झालं नाही. कंट्रोल, ऑल्ट आणि १ दाबून ‘हेडिंग १’ ही स्टाइल द्या. मग अनुक्रमणिका आपोआप तयार करून घेता येते, आणि मजकूर बदलला की तिच्यावर क्लिक करून एफ ९ दाबायचं. याहून महत्त्वाचं कारण मला दुसरंच वाटतं. अंध सहकारी स्क्रीन रीडरने, म्हणजे मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमने, फाइल वाचतात, तेव्हा या स्टाइलच्या आधारे ते शीर्षकावरून शीर्षकावर जातात. नुसत्या ठळक अक्षरांत त्यांना सगळा मजकूर एकसलग ऐकत बसावा लागतो. नव्या पानासाठीही एंटर दाबत राहू नका, कंट्रोल-एंटर करा.

आणि आपली मराठी. कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला ‘क’ फाइलमध्ये इंग्रजीतला लहान ‘डी’ म्हणून पडलेला असतो. फाँट फक्त त्याच्यावर ‘क’ काढतो. युनिकोडमध्ये मात्र प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो, फाँट कुठलाही असो. म्हणून जुन्या फाँटच्या फाइलमध्ये युनिकोडने टाइप करून नाव शोधलंत तर ते सापडणारच नाही, आणि वर्णानुक्रमही लागणार नाही. तपासणी सोपी आहे. मजकूर निवडा आणि फाँट ‘निर्मला’ करा. मराठी मराठीच राहिली तर युनिकोड. निरर्थक इंग्रजी अक्षरं उमटली तर जुना फाँट. अशा फाइली कन्व्हर्टरने, म्हणजे जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये आणणाऱ्या प्रोग्रॅमने, बदलून घ्या, सगळ्यात जास्त शोधाव्या लागणाऱ्या आधी. बदलल्यावर जोडाक्षरं, रफार आणि आकडे मूळ प्रतीशी ताडून बघा, कारण कन्व्हर्टर अडखळतो तो तिथेच. आणि ताडून होईपर्यंत जुनी फाइल पुसू नका.