कोस्टर म्हातारा कधी होतो?

नमस्कार. आयोजकांनी बॅनरवर पाळण्याचं चित्र टाकल्यामुळे पुढच्या रांगेत बच्चेकंपनी पण दिसतेय, बरं वाटलं. आधीच सांगून टाकतो, मी रोलर कोस्टर बनवत नाही. माझं काम वेल्डिंग आणि शाफ्ट तपासायचं, क्रेन, प्रेशर व्हेसल वगैरे. पण लोखंडाला क्रेन काय नि कोस्टर काय, रोज हजारदा ताण दिला आणि सोडला की ते दमणारच.

आता मला कायम विचारतात की रोलर कोस्टर किती वर्षांनी बाद करायचा. न्यूयॉर्कला कोनी आयलंडवर सायक्लोन म्हणून आहे, १९२७ चा. उंची ८५ फूट, समोर समुद्र, खारी हवा, सत्तरच्या दशकात तर शेजारच्या मत्स्यालयाला जागा पाहिजे म्हणून पाडायलाच निघाले होते, लोकांनी बोंबाबोंब केली, १९७५ ला दुरुस्त होऊन परत सुरू झाला आणि अजून धावतोय. आणि न्यू जर्सीतला ‘किंगडा का’ नावाचा कोस्टर बघा, ४५६ फूट, तेव्हा जगात सगळ्यात उंच, २००५ ला उघडला, नोव्हेंबर २०२४ ला बंद केल्याचं जाहीर झालं आणि २८ फेब्रुवारी २०२५ ला स्फोटकं लावून आडवा केला. शंभरीला टेकलेला चालू आणि विशीतला भंगारात, म्हणजे नुसत्या वयावरून काही ठरत नाही.

सायक्लोन कसा टिकला ते बघू. सांगाडा स्टीलचा, ट्रॅक लाकडी. लाकडी ट्रॅक म्हणजे फळ्यांचे थर एकावर एक आणि सगळ्यात वर लोखंडी पट्टी, चाक त्या पट्टीवरून जातं. उतारावरून सुसाट आलेली ट्रेन तळाला दाबते, वळणावर बाहेर ढकलते, फळ्या दबतात, खिळे ढिले होतात, दोन रुळांमधलं अंतर बिघडतं, आणि मग बसणाऱ्याची हाडं खिळखिळी. यावर उपाय एकच, हिवाळ्यात पार्क बंद असताना तेवढा तुकडा उचकटायचा आणि नव्या फळ्या घालायच्या. आपल्याकडे कोकणात पावसाळ्याआधी घर शाकारतात तसंच, फुटकी कौलं तेवढी बदलायची, अख्खं छप्पर कोणी उतरवत नाही. त्यामुळे १९२७ चं लाकूड त्या ट्रॅकमध्ये शोधायला जाऊ नका. ऑगस्ट २०२४ मध्ये ट्रेन चढावर थांबली, लोकांना पायी खाली आणलं, बघतात तर चेन ओढणारं दातेरी चाक, म्हणजे स्प्रॉकेट, खराब झालेलं. काम केलं, सप्टेंबरमध्ये परत चालू. त्या स्प्रॉकेटपायी कोस्टर पाडा असं कोणी म्हणालं नाही.

मग पाडतात का? बऱ्याचदा हिशोबापायी, आणि यात मला काही वाईट वाटत नाही. ओहायोच्या सीडर पॉइंटला मीन स्ट्रीक होता, १९९१ चा, लाकडी, १६१ फूट. इतका मोठा लाकडी कोस्टर म्हणजे फळ्या बदलून बदलून जीव मेटाकुटीला, आणि तरी लोक उतरताना पाठ धरूनच उतरायचे. २०१६ ला बंद केला. पण पूर्ण नाही पाडला, बराचसा लाकडी सांगाडा ठेवला आणि रॉकी माउंटन कन्स्ट्रक्शन या कंपनीने त्याच्यावर स्टीलचा ट्रॅक चढवला. २०१८ ला तोच स्टील व्हेंजन्स म्हणून आला, २०५ फूट, ९० अंशाचा उतार, चारदा उलटा फिरवतो. टेक्सास जायंटवर त्याच कंपनीने हाच प्रयोग २०११ ला करून दाखवला होता. जुन्या कोस्टरचं काय करायचं याचं मला आवडलेलं उत्तर हेच.

नवीन केलं म्हणजे सुटलो असंही नाही बरं का. त्याच सीडर पॉइंटला टॉप थ्रिल ड्रॅगस्टर होता, ४२० फूट, ट्रेनला हायड्रॉलिकने, म्हणजे तेलाच्या दाबाने, फेकणारा. ऑगस्ट २०२१ मध्ये ट्रेनवरचा एक धातूचा तुकडा सुटून रांगेतल्या बाईला लागला, ती गंभीर जखमी झाली. राइड बंद, मग हायड्रॉलिक काढून चुंबकी मोटरी बसवल्या, नवीन ट्रेन आणल्या, मे २०२४ ला वाजतगाजत उघडला आणि जेमतेम आठवडाभरात नव्या ट्रेनच्या चाकांच्या भानगडीत सीझनभर बंद.

आता जरा गंभीर. ५ मे २००७, जपान, ओसाकाजवळचं एक्स्पोलँड. त्यांच्याकडे बालदिनाची सुट्टी, पार्क भरलेलं. उभं राहून बसायचा कोस्टर होता, म्हणजे बसायचा नाहीच, उभंच राहायचं, धावता धावता एका डब्याचा ॲक्सल, म्हणजे चाकांचा दांडा, तुटला, डबा कलंडला, एक तरुण मुलगी गेली. कोस्टर किती जुना? १५ वर्षं. ॲक्सल १९९२ पासून एकदाही बदललेला नव्हता. आणि ट्रेन खोलून करायची वार्षिक तपासणी सुट्ट्यांची गर्दी संपेपर्यंत पुढे ढकललेली. पुढे ते पार्कही कायमचं बंद झालं. माझं सगळं म्हणणं या एका ॲक्सलमध्ये आहे, की जुनं असण्यापेक्षा ‘पुढच्या महिन्यात बघू’ जास्त घातक.

तपासणीत नक्की करतात काय, ते सांगतो, कारण हे मी रोज करतो. ॲक्सल बाहेर काढायचा, ग्रीस आणि रंग पूर्ण साफ. मग त्याला चुंबक लावायचं आणि वरून लोखंडाची बारीक पूड मिसळलेलं पातळ ओतायचं, पूड चमकणारी असते. खोलीत अंधार करून अल्ट्राव्हायोलेट दिवा धरायचा. ॲक्सल चांगला असेल तर काहीच दिसत नाही, पण तडा असेल तर चुंबकत्व तिथे बाहेर गळतं, पूड गोळा होते आणि केसाएवढी हिरवी रेघ उजळते. बहुतेक वेळा जिथे व्यास बदलतो, त्या खांद्यापाशीच. दिवसाच्या उजेडात तुम्ही भिंग घेऊन बसलात तरी दिसणार नाही. सगळा खेळ अर्ध्या तासाचा, पण त्यासाठी ट्रेन उघडावी लागते आणि ट्रेन उघडली की त्या दिवशी तिकीट विकता येत नाही, भांडण सगळं तिथेच आहे.

एक प्रश्न आलाय, मागून, की आम्हाला पब्लिकला यातलं काय कळणार. कळतं की! कॅरोलायनातल्या कॅरोविंड्स पार्कात फ्युरी ३२५ आहे, २०१५ चा, ३२५ फूट, नामांकित स्विस कंपनीचा, आपल्या खोपोलीच्या इमॅजिकातला नायट्रोही त्याच कंपनीचा. जून २०२३ च्या अखेरीस एका पाहुण्याने खालून बघितलं तर ट्रॅकच्या खांबाला आरपार तडा, आणि ट्रेन गेली की खांब जागेवरून सरकतोय. त्याने फोनवर शूट करून पार्कवाल्यांना दाखवलं. राइड बंद केली, नवीन खांब आला, तपासण्या झाल्या, ऑगस्टमध्ये परत सुरू. तेव्हा असं काही दिसलं तर आधी शूट करा, मग रांग सांभाळणाऱ्या पोराशी वाद न घालता थेट मॅनेजरला गाठा, आणि राइडचं नाव, वेळ आणि कुठला खांब हे तिन्ही सांगा. पुढचा प्रश्न?